मांजरसुंब्याचा घाट आणि जुन्या गाडीचे ‘मिसिंग’

बीड जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला, तर दोन गोष्टी प्रथम नजरेत भरतात. उत्तरेस गोदावरीचे पात्र जिल्ह्याची सीमा आखीत जाते आणि मध्यातून बालाघाटचा डोंगर आडवा पसरलेला दिसतो. गोदाकाठची गेवराई-माजलगावकडील जमीन काळी व सपाट. डोंगरावरची पाटोदा-केजकडील जमीन पुष्कळशी हलकी, मुरमाड आणि उंचसखल. या दोहोंच्या सांध्यावर, बिंदुसरा नदीच्या काठी बीड शहर वसले आहे. शहराच्या दक्षिणेस निजामशाहीच्या काळातील प्रसिद्ध खजाना विहीर आहे. तेथून पुढे पाली ओलांडली की सोलापूरचा रस्ता डोंगराला भिडतो आणि मांजरसुंब्याचा घाट सुरू होतो. सोलापूरकडे जायचे असो, तुळजापूरला जायचे असो, कुंथलगिरीच्या सिद्धक्षेत्राला जायचे असो, बीडकराला हा चढ चुकत नाही.

या जिल्ह्यात रस्त्याला जे महत्त्व आले, त्याचे एक कारण रेल्वेचा अभाव हे होते. परळीला रेल्वे होती. परंतु जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बीड शहराला रेल्वेगाडीचे दर्शन घडण्यासाठी १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तापर्यंत वाट पाहावी लागली. त्या दिवशी अहिल्यानगर-बीड गाडी सुरू झाली. तोपर्यंत मोंढ्यातील आडत्याला सोलापूरची पेठ गाठायची असो वा कापड दुकानदाराला छत्रपती संभाजीनगरहून माल आणायचा असो, एस. टी., मालमोटार किंवा घरची मोटार हाच आधार होता. त्यामुळे येथील जुन्या पेढ्यांमध्ये मोटार ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. तराजू व तिजोरीप्रमाणे ती धंद्याच्या साधनांपैकी एक मानली गेली. आजही काही घरांच्या ओसरीशेजारी ताडपत्री टाकलेली एखादी फियाट किंवा पद्मिनी उभी दिसते, ती याच काळाची साक्ष होय.

या गाडीचे आणि या रस्त्याचे नाते दिसते त्याहून जवळचे आहे. रस्ता ज्या सोलापूरला जातो, त्याच सोलापुरात १८८२ साली एका जैन व्यापारी कुटुंबात वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वाहनांचे कारखाने स्वदेशात उभारण्याचे स्वप्न त्यांनी परकीय राजवटीत पाहिले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट कंपनीच्या सहकार्याने ती सुटसुटीत मोटार बाहेर पडू लागली. १९७० च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. १०८९ घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरील गिअर आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होण्याइतकी साधी रचना, ही तिची वैशिष्ट्ये. मुंबईच्या टॅक्सींमधील शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. खेड्यापाड्यांतील खासगी गाड्या मात्र अद्याप काही घरांत टिकून आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांचे दुखणेही टिकून आहे.

या दुखण्याला गॅरेजमधील भाषेत ‘मिसिंग’ म्हणतात. गाडी सुरळीत चालत असते, मध्येच एक-दोन झटके देते, पुन्हा मैलोनमैल काही घडत नाही. पायाखालचा दम अकस्मात नाहीसा होतो आणि मिस्त्रीच्या दारात नेऊन उभी केली, की हीच गाडी शिलाई यंत्रासारखी एकसुरात वाजू लागते. मिस्त्री बिचारा आवाज ऐकतो, प्लग पुसतो, कार्बोरेटर धुतो आणि पैसे घेऊन गाडी परत देतो. आठ दिवसांनी घाटात पुन्हा तोच प्रकार. मग प्लग नवे, पुढील खेपेस कॉइल नवी, त्यानंतर कार्बोरेटरही नवा. खर्चाचा आकडा वाढत जातो आणि दोष जागच्या जागी राहतो. अखेर घरातील तरुण मंडळी म्हणतात, “आता ही भंगारात घाला,” आणि ज्यांनी त्या गाडीतून लेकीची पाठवणी केली, ते वडीलधारे गप्प बसतात.

वस्तुतः ज्या घटनेचा हा सारा खेळ आहे, ती फार सूक्ष्म असते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला २५ आणि चारही मिळून १०० ठिणग्या पडाव्या लागतात. त्या प्रत्येक ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट उघडावे लागतात, कंडेन्सरने आपले काम करावे लागते, बॅटरीच्या १२ व्होल्टपासून कॉइलने हजारो व्होल्टचा दाब उभा करावा लागतो आणि त्याच क्षणी पेट्रोल व हवा यांचे योग्य मिश्रण सिलिंडरात दाबलेले असावे लागते. ठिणगी, इंधन आणि दाब या तिघांपैकी एकाने पळभर दगा दिला, तरी इंजिन अडखळते. प्रश्न एवढाच असतो, की तिघांपैकी कोण आणि कोणत्या परिस्थितीत.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बीडच्या रस्त्याइतकी उत्तम प्रयोगशाळा क्वचितच मिळेल. कारण गोदावरीपासून बालाघाटापर्यंतच्या एका सकाळच्या प्रवासात थंड इंजिन, सपाट रस्त्यावरील सलग वेग, गर्दीतील रेंगाळणे आणि घाटातील ओझे या चारही परीक्षा ओळीने होतात. गाडी कोणत्या परीक्षेत नापास होते, हे नीट पाहिले, की निदानाचे निम्मे काम होऊन जाते.

पहिली परीक्षा पहाटेची. गाडी थंड असताना अडखळते आणि पाच-दहा मिनिटांत सुधारते, तर चोक नीट बसतो की नाही, बॅटरी क्षीण झाली आहे काय, कार्बोरेटरच्या बुडाशी किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा ओढली जाते काय, हे प्रथम पाहावे. धातू तापून फुगला, की अशी बारीक फट कधीकधी आपोआप मिटते आणि म्हणूनच गाडी उजाडेपर्यंत शहाणी होते.

दुसरी परीक्षा गेवराईच्या सपाटीवरची. शहागडचा पूल ओलांडून गाडी बीडकडे निघाली आणि वीस-पंचवीस मिनिटे सलग एका वेगाने धावल्यावर हळूहळू दम सोडू लागली, तर संशय इंधनाच्या वाटेवर घ्यावा. ठिणगीचा दोष बहुधा अचानक येतो. जणू कोणी कळ बंद करून पुन्हा चालू केली. इंधनाचा तुटवडा मात्र ओढत-ओढत येतो. फिल्टरमध्ये साचलेला गाळ, पेट्रोल पंपाचा थकलेला पडदा किंवा टाकीच्या तळाचा गंज ही त्याची नेहमीची कारणे. परंतु याहून क्षुल्लक असे एक कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. टाकीतील पेट्रोल जसजसे कमी होते, तसतशी त्या जागी हवा शिरावी लागते. त्यासाठी काही गाड्यांत टाकीच्या झाकणाला सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. धुळीने ते बुजले, तर टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गाडी उभी करून झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा ‘सुस्स’ असा आवाज झाला आणि नंतर गाडी पूर्ववत धावू लागली, तर हजारो रुपयांचा कार्बोरेटर बदलण्याऐवजी झाकणाचे छिद्र साफ केल्याने काम भागते.

तिसरी परीक्षा बीड शहरातील. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, मोंढ्याच्या रस्त्यावर मालमोटारी, हातगाड्या आणि रिक्षा यांची दाटी असते आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये रेंगाळते. इंजिनावरून वारा वाहत नाही; पंप आणि नळी तापतात, आतील पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरला द्रवाऐवजी वाफच मिळू लागते. जुने चालक अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवीत, ते याच कारणासाठी. परंतु तापल्यावर बंद पडणे आणि निवल्यावर सुरू होणे हे लक्षण कॉइल व कंडेन्सर यांच्या बिघाडाचेही असते. उष्णतेने आतील आवरण दगा देते आणि थंड झाल्यावर पुन्हा सांधते. दोन्हींत फरक करण्याचा उपाय एकच: गाडी बंद पडली त्याच क्षणी, ती निवण्यापूर्वी, ठिणगी तपासणे. ठिणगी जोरकस निळी असेल, तर इंधनाकडे वळावे; पिवळट, दुबळी किंवा मुळीच नसेल, तर विजेकडे. अर्ध्या तासाने मिस्त्री येऊन पाहतो, तेव्हा आरोपी निघून गेलेला असतो.

चौथी परीक्षा मांजरसुंब्याच्या घाटाची आणि तीच सर्वांत कठीण. चढावर चालक पेडल दाबतो, सिलिंडरात अधिक मिश्रण शिरते आणि ते अधिक दाबले जाते. दाटलेल्या मिश्रणातून ठिणगी उडवण्यास अधिक व्होल्ट लागतात. सपाटीवर जे प्लग, ज्या तारा आणि जी कॉइल निभावून नेतात, त्यांचे दुबळेपण येथे उघडे पडते. प्लगची फट वाढलेली असेल, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला केसासारखी चीर गेली असेल, प्लगच्या तारेचे रबर तडकले असेल, तर वीज सिलिंडरात उडी मारण्याऐवजी जवळची सोपी वाट धरून लोखंडात उतरते. म्हणूनच गॅरेजमध्ये न्यूट्रलमध्ये कितीही रेस केली, तरी हा दोष दिसत नाही. त्या इंजिनावर ओझेच नसते. मिस्त्रीला शेजारी बसवून पालीपासून मांजरसुंब्याच्या चौकापर्यंत एक फेरी मारणे हे दोन नव्या कॉइलींपेक्षा स्वस्त पडते.

या चार परीक्षांखेरीज पाचवी परीक्षा निसर्ग घेतो. मृगाच्या पहिल्या पावसात जी गाडी अडखळते आणि उन्हात सुधारते, तिच्या तारा व टोपी यांवर संशय धरावा. अंधाऱ्या रात्री बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे दुरून पाहिले, तर तडकलेल्या तारेभोवती निळसर ठिणग्यांची रेघ कधीकधी स्पष्ट दिसते. हात मात्र दूर ठेवावेत.

परिस्थिती कळल्यावर मिस्त्रीचे काम सुरू होते. अनुभवी मिस्त्री प्रथम एक गोष्ट ठरवितो: दोष एकाच सिलिंडराचा आहे, की सर्वांचा? त्यासाठी रेंगाळत्या इंजिनाची एकेक प्लगची तार रबरी पकडीने क्षणभर काढून पाहतात आणि ती तार तेवढा वेळ इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवतात. निरोगी सिलिंडराची तार काढली, की इंजिन लटपटते. जिची तार काढूनही काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच आजारी असतो. दोष एकट्याचा असेल, तर त्याचा प्लग, त्याची तार, त्याचा व्हॉल्व्ह आणि त्याचा दाब एवढेच तपासायचे. झटके सर्व सिलिंडरांत विखुरलेले असतील, तर कारण सामाईक असले पाहिजे: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, रोटर, इग्निशनची किल्ली किंवा इंधन. लगतच्या दोन सिलिंडरांत दाब कमी आढळला, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी.

प्लगचे टोक हाही बोलका साक्षीदार आहे. विटकरी-तपकिरी रंग प्रकृती उत्तम असल्याचे सांगतो. कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जादा. पांढुरके टोक असेल, तर पेट्रोल अपुरे किंवा उष्णता जादा. पेट्रोलने ओले असेल, तर ठिणगीच पडली नाही. तेलकट काळे असेल, तर इंजिनाच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजली. त्यानंतर फिलर गेजने पॉइंटची फट मोजतात. डिस्ट्रिब्युटरचा दांडा हाताने हलवून पाहतात, कारण त्याची बुशे झिजली, तर दर फेऱ्याला फट बदलते आणि कितीही जुळवणी केली तरी ती टिकत नाही. शेवटी चालू इंजिनाच्या हलक्या दाबाच्या जोडण्या एकेक करून हळूच हलवतात. इंजिन व बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी सैल असणे, डिस्ट्रिब्युटरमधील बारीक तारेचे तंतू आवरणाच्या आत तुटलेले असणे, किल्लीचा संपर्क झिजलेला असणे, अशा मामुली गोष्टी येथे सापडतात. खड्ड्यातून जाताना तंतू सुटतो, पुन्हा टेकतो आणि मालक मात्र इंजिन खोलण्याच्या विचारात असतो.

अलीकडे या जुन्या यादीत एका नव्या कारणाची भर पडली आहे आणि तेही बीडशी संबंधित आहे. या जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. त्यांनी तोडलेल्या उसापासून साखरेबरोबर इथेनॉलही तयार होते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. देशाने २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. नव्या गाड्या त्यासाठी बनविलेल्या आहेत. पद्मिनीचा कार्बोरेटर मात्र निव्वळ पेट्रोलसाठी आखलेला आहे. इथेनॉलला कमी हवा लागते, म्हणून त्याच जेटमधून येणारे मिश्रण प्रमाणापेक्षा विरळ ठरते आणि चढावर अडखळते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, टाकीतील वर्षानुवर्षांचा गाळ सुटा करते आणि जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा यांना मऊ करते. जी गाडी महिनोन्महिने उभी असते, तिला याचा त्रास अधिक. अशा गाडीच्या नळ्या नव्या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराच्या घ्याव्यात, फिल्टर लवकर बदलावा आणि टाकीत जुने पेट्रोल साचू देऊ नये.

नळ्यांचा मुद्दा केवळ काटकसरीचा नाही. झिरपणारे पेट्रोल, तापलेली सायलेन्सरची नळी आणि तडकलेल्या तारेची ठिणगी ही तिन्ही एकाच बॉनेटखाली असतात. पेट्रोलचा वास येत असताना ठिणगी तपासू नये; प्लग उघड्या हाताने धरू नये; आणि जी गाडी घाटात बेभरवशाची झाली आहे, तीत वृद्ध व मुले यांना बसवून ‘आज जाईल नीट’ अशा आशेवर निघू नये. मागून भरधाव मालमोटारी येत असताना वळणावर बंद पडलेली मोटार हा मोठाच धोका आहे. अडखळू लागल्यास शक्य तोवर कमी गिअरमध्ये मांजरसुंब्याचा चौक गाठावा. ते साधत नसेल, तर वळण सोडून रुंद कडेला थांबावे, माणसे गाडीबाहेर सुरक्षित जागी उतरवावीत आणि मागे लाल त्रिकोण ठेवावा.

ज्यांच्याकडे पद्मिनी नसून इंजेक्शन पद्धतीची पंधरा-वीस वर्षांची गाडी आहे, त्यांच्यासाठी तत्त्व तेच, साधने मात्र वेगळी. तेथे पॉइंट नसतात. सेन्सर असतात आणि तेही तापल्यावर दगा देतात. यंत्र जोडून दोषांक वाचता येतात. परंतु दोषांक सिलिंडराचा क्रमांक सांगतो, कारण सांगत नाही. डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल, तर न जळलेले पेट्रोल धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळीत आहे, असे समजून वेग कमी करावा आणि लवकरात लवकर थांबावे.

व्यापारी घरांना एक साधन उपजतच लाभले आहे, ते म्हणजे नोंदीची शिस्त. ज्या पेढीवर पै-पैशाची रोजकीर्द लिहिली जाते, तेथे गाडीच्या दुखण्याची नोंद मात्र तोंडी राहते. गाडीच्या खणात एक छोटी वही ठेवावी. तारीख, ठिकाण, इंजिन थंड की गरम, सपाटी की चढ, ऊन की पाऊस, टाकीत किती पेट्रोल, झटका अचानक की दम हळूहळू गेला, एवढे सात रकाने पुरेत. पाच-सहा नोंदी झाल्या, की जी गोष्ट लहरी वाटत होती तिचा नियम दिसू लागतो: प्रत्येक वेळी चढच होता किंवा प्रत्येक वेळी टाकी अर्ध्याखाली होती. दुसरा नियम असा, की एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि काढलेली जुनी वस्तू फेकू नये. तीन वस्तू एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कोणत्या खर्चाने लाभ झाला हे कधीच कळत नाही. शिवाय नवी वस्तू निर्दोष असेलच असे नाही. नवा कंडेन्सर बसवून दोष वाढला, तर जुना परत लावून पाहण्याची सोय हवी.

पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करावी लागते. त्याचे शुल्क २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. पर्यावरण कर आणि योग्यता तपासणी वेगळीच. तेव्हा वडिलांच्या गाडीचे काय करावे, हा प्रश्न आता भावनेवर सोडून चालत नाही. परंतु निदान न करता भंगारात घातलेली गाडी आणि निदान न करता खर्च ओतलेली गाडी, दोन्ही तोट्याचेच सौदे आहेत. आधी वही भरावी, मग मिस्त्रीला घाटात न्यावे, दोष सापडला की एकेक करून दुरुस्ती करावी. त्यानंतर उन्हाळ्यातील दोन महिने आणि मृगाचा पहिला पाऊस या काळात मांजरसुंब्याच्या चार-सहा खेपा कराव्यात. त्या खेपांत वहीचे पान कोरे राहिले, तर नूतनीकरणाचा अर्ज निःशंकपणे भरावा. कोरे राहिले नाही, तर गाडी विकण्याचा निर्णय घरात बसून, सर्वांच्या संमतीने आणि कोणाच्याही मनात किंतू न ठेवता घेता येईल.